बॅग तुम्ही उशिरा आणता, मग पावत्या आम्ही का जमवायच्या? विमान कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
विमान कंपन्यांचे संचालक आणि बॅगेज-दावे विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

उशिरा पोचलेल्या बॅगेबद्दल दावा केला की तुमच्याकडून येणारी उत्तरं आता आम्हाला तोंडपाठ झाली आहेत. ‘आपली बॅग 21 दिवसांच्या आत मिळाल्याने भरपाई देय नाही.’ ‘पहिल्या 24 तासांतला खर्च आमच्या धोरणात बसत नाही.’ ‘खरेदी केलेले कपडे आपल्याकडेच राहणार असल्याने निम्मी रक्कम मंजूर करण्यात येत आहे.’ ‘आपण स्वतःच्या घरी परतला होतात, त्यामुळे तातडीच्या खरेदीचा प्रश्न येत नाही.’ यातल्या पहिल्या दोन उत्तरांना आंतरराष्ट्रीय करारात कुठेही आधार नाही. उरलेली दोन अर्धवट खरी आहेत, आणि अर्धवट खरं उत्तर प्रवाशाला लवकर गप्प बसवतं.

आम्ही प्रवाशांचे असे दावे लिहून देतो, नाकारलेल्या दाव्यांची उत्तरं वाचतो आणि त्यावर पुन्हा पत्रं पाठवतो. पत्र तुम्हाला उद्देशून असलं तरी रिकाम्या बेल्टसमोर उभ्या असलेल्या प्रवाशाच्याही ते हाती पडावं, म्हणून उघड लिहीत आहोत.

आमची मुख्य तक्रार भरपाईच्या कमाल आकड्याबद्दल नाही. बहुतेक उशिरांसाठी तो आकडा पुरेसा आहे. तक्रार क्रमाबद्दल आहे. उशीर तुमच्याकडून होतो. खर्च आधी प्रवासी करतो, पुरावा तोच गोळा करतो, अर्ज तोच भरतो, मुदती तोच पाळतो आणि शेवटी तुमच्या मर्जीची वाटही तोच पाहतो. म्हणजे सामान वेळेवर न आणणाऱ्या कंपनीला प्रवासी बिनव्याजी उधार देतो, आणि ती उधारी वसूल करायला महिनोन् महिने ईमेल लिहितो.

आधी कायदा काय म्हणतो ते नीट मांडू, कारण तुमच्या काउंटरवर ते कुणी सांगत नाही. देशांतर्गत प्रवासाला त्या त्या देशाचे नियम लागतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी 1999 चा माँट्रियल करार लागतो. तो 4 नोव्हेंबर 2003 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 19 नुसार बॅगेच्या उशिरामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार असते. सुटका एकाच वाटेने होते: उशीर टाळण्यासाठी वाजवीपणे करता येण्याजोगं सगळं केलं होतं, किंवा ते करणं अशक्यच होतं, हे कंपनीने सिद्ध करायचं. सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे, हे अधोरेखित करून वाचावं. कलम 22 कमाल मर्यादा घालतं. ती प्रत्येक प्रवाशामागे आहे, प्रत्येक बॅगेमागे नाही. सुरुवातीला ती 1000 एसडीआर होती. 2009 च्या अखेरीस 1131, 28 डिसेंबर 2019 पासून 1288 आणि 28 डिसेंबर 2024 पासून 1519 झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांवरून त्याचं मूल्य ठरतं. आजच्या मर्यादेचे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर होतात. ही वाढ तुमचं औदार्य नाही. दर पाच वर्षांनी महागाईचा आढावा घ्यावा, अशी करारातच तरतूद आहे. सुरुवातीच्या हजार एसडीआरमध्ये करार अमलात आल्यापासूनची महागाई मिळवली की 1519 होतात. खऱ्या अर्थाने ही मर्यादा कधी वाढलेलीच नाही. ज्यांच्या छापील अटींमध्ये अजून 1288 किंवा 1131 हा आकडा आहे, त्यांनी तो आज बदलावा.

आता 21 दिवसांबद्दल. करारात हा आकडा दोनदा येतो आणि दोन्हीचे अर्थ वेगळे आहेत. कलम 17 म्हणतं, बॅग ज्या दिवशी यायला हवी होती त्यानंतर 21 दिवस उलटूनही आली नाही, तर ती हरवली असं धरून प्रवासी हक्क मागू शकतो. कलम 31 म्हणतं, उशिरा आलेली बॅग हाती पडल्यापासून 21 दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी. बॅग फुटली-तुटली असेल तर ही मुदत सातच दिवसांची. न्यायालयात जाण्यासाठी कलम 35 दोन वर्षं देतं. यातलं कुठलंही कलम तुम्हाला 21 दिवसांची फुकट सवलत देत नाही. बॅग दुसऱ्या दिवशी आली तरी दुसऱ्या दिवसापर्यंतच्या वाजवी खर्चाला तुम्ही जबाबदार असता. ‘21 दिवसांच्या आत मिळाली’ हे वाक्य बॅग हरवली नाही एवढंच सांगतं. उशिराच्या दाव्याला ते उत्तरच होत नाही. तरीही ते छापून पाठवलं जातं, कारण वाचणाऱ्याला दोन कलमांतला फरक माहीत नसतो.

पहिल्या 24 तासांचा नियमही तुम्हीच तयार केलेला आहे. कलम 26 स्पष्ट आहे: जबाबदारीतून कंपनीला सोडवणारी किंवा करारापेक्षा खालची मर्यादा घालणारी अट रद्दबातल असते. दिवसाला अमुक इतकेच देऊ, पहिला दिवस मोजणार नाही, या अटी त्याच जातीच्या आहेत. अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2009 मध्येच विमान कंपन्यांना बजावलं आहे की खर्चाला असे मनमानी दैनिक आकडे लावता येणार नाहीत. आणि खरी गरज तर पहिल्याच दिवशी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा, अंत्यविधी किंवा मुलाखत असलेल्या माणसाला अंगावरच्या प्रवासी कपड्यांतच जायला सांगणारं धोरण कुठल्या मोजपट्टीने वाजवी ठरतं?

बॅग उशिरा का येते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण वाचकांना ते कळल्याशिवाय ‘टाळता न येण्याजोगी अडचण’ हे तुमचं कारण तपासता येणार नाही, म्हणून थोडं तपशिलात जातो. चेक-इनला बॅगेच्या मुठीभोवती जो कागदी पट्टा चिकटतो, त्यावर दहा अंकी क्रमांक असतो. पहिला अंक टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन कंपनीचा संकेतांक असतात आणि शेवटचे सहा त्या बॅगेचा अनुक्रमांक. टॅग छापताच त्या क्रमांकाचा संदेश विमानतळाच्या बॅगेज यंत्रणेला जातो: ही बॅग, या नावाची, या विमानाने, पुढे त्या विमानाने. सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बॅगेचा बारकोड यंत्र वाचतं आणि तिला योग्य फाट्यावर वळवतं. बारकोड वाचता आला नाही तर बॅग बाजूला पडते आणि माणसाने हाताने क्रमांक टाकेपर्यंत थांबते.

अडचणी इथेच होतात. जुन्या प्रवासाचा टॅग किंवा त्याचे छोटे स्टिकर बॅगेवर राहिले असतील तर यंत्राला दोन बारकोड दिसतात. टॅग दुमडला, फाटला, मुठीखाली दबला तरी तेच. बॅगेचा लोंबणारा बंद सरकत्या पट्ट्याच्या सांध्यात अडकून टॅग निघून येतो. पण उशिराचं सर्वांत मोठं कारण वेगळं आहे: विमान बदलणं. पहिलं विमान अर्धा तास उशिरा उतरतं, माणूस धावत दुसरं विमान गाठतो. बॅगेला मात्र कंटेनरमधून उतरून, गाडीवर चढून, छाननीतून जाऊन, दुसऱ्या कंटेनरमध्ये बसायचं असतं. तिकीट विकताना तुम्ही ‘किमान जोडवेळ’ पाहून दोन विमानं जोडता. ती वेळ कागदावर पाळली जाते, पण रोज उशिराने उतरणाऱ्या उड्डाणालाही तीच लावली जाते. वेळापत्रक तुमचं, जोडणी तुमची, तिकीट तुम्ही विकलेलं. मग ही जोडणी चुकली तर ती अनपेक्षित आपत्ती कशी?

वजन किंवा इंधनाच्या हिशेबामुळे ऐन वेळी बॅगा मागे ठेवल्या जातात, तोही निर्णय तुमचाच. सुरक्षिततेच्या नियमाने प्रवासी विमानात चढला नाही तर त्याची बॅग उतरवावी लागते. 1985 आणि 1988 मधल्या विमानांतल्या बॉम्बस्फोटांनंतर ही काळजी जगभर घेतली जाते, आणि ती घ्यायलाच हवी. तिच्यामुळे होणाऱ्या उशिराबद्दल आमचं भांडण नाही.

तुम्ही सुधारणा केली आहे हेही नोंदवतो. बॅगेज यंत्रणा पुरवणाऱ्या सिटाच्या वार्षिक अहवालांनुसार 2007 मध्ये दर हजार प्रवाशांमागे जवळपास 19 बॅगा उशिरा येत, फुटत किंवा हरवत. 2024 मध्ये हे प्रमाण 6.3 वर आलं. यात मोठा वाटा उशिरा येणाऱ्या बॅगांचा असतो आणि त्यातल्या बहुतेक काही दिवसांतच मालकापर्यंत पोचतात. या सुधारणेमागे माग ठेवण्याची यंत्रणा आहे. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा 753 क्रमांकाचा ठराव जून 2018 पासून लागू आहे. त्यानुसार बॅगेची नोंद चार ठिकाणी व्हायला हवी: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, बदलीच्या ठिकाणी पोचवताना आणि प्रवाशाला परत देताना.

म्हणजे बॅग चढली नाही हे विमान उतरण्याच्या कितीतरी आधी तुमच्या यंत्रणेत नोंदलेलं असतं. तरीही प्रवाशाला तासभर बेल्टजवळ उभं केलं जातं, बेल्ट थांबतो, मग तो काउंटर शोधतो, रांगेत उभा राहतो आणि तिथला कर्मचारी म्हणतो, ‘सिस्टीममध्ये काही दिसत नाही.’ त्या कर्मचाऱ्यावर आमचा राग नाही. तो बहुतेकदा तुमचा नोकर नसतो. ग्राउंड हँडलिंगच्या ठेक्यावर एकाच रांगेत चार कंपन्यांच्या तक्रारी घेत असतो. त्याला पैसे देण्याचा, खर्च मंजूर करण्याचा, नोंदींचा पूर्ण इतिहास छापून देण्याचा अधिकार तुम्ही दिलेला नाही. आणि हीच नोंद प्रवाशाला मिळत नसेल, तर कंपनीने सगळं वाजवी केलं होतं की नाही हे कुणी, कशावरून तपासायचं?

काही कंपन्या आता विमान उतरताच बॅग मागे राहिल्याचा संदेश फोनवर पाठवतात. बॅगेत ठेवलेल्या एअरटॅगसारख्या माग दाखवणाऱ्या उपकरणाचं ठिकाण प्रवाशाने दिलं तर ते तक्रारीला जोडून घेतात. त्यांचे आभार. जे हे करत नाहीत त्यांनी तंत्रज्ञान नाही, असं आता म्हणू नये.

बॅग न मिळाल्याची नोंद म्हणून काउंटरवर जो कागद भरला जातो, त्या पीआयआरबद्दल (प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट) वाचकांना थेट सांगतो. बॅगेज हॉल सोडण्याआधी तो भरा. त्यावरचा संदर्भ क्रमांक दहा खुणांचा असतो: तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची, मग पाच अंक. याच क्रमांकावर पुढचा सगळा शोध चालतो. बॅगेचा रंग आणि प्रकार तक्त्यावर बोट ठेवून दाखवा, कारण शोधयंत्र तो प्रकार संकेतांकानेच जुळवतं. ‘मध्यम आकाराची काळी’ या वर्णनाच्या बॅगा गोदामात ढिगाने असतात. आतल्या दोन-तीन ओळखू येणाऱ्या वस्तू लिहा. टॅग फाटलेली बॅग शेवटी उघडूनच ओळखली जाते. मुक्काम बदलणार असेल तर प्रत्येक पत्ता तारखेसह द्या, नाहीतर तुम्ही पुढच्या गावी आणि बॅग मागच्या हॉटेलात, हे हमखास होतं. बॅगेला कुलूप असेल तर सीमाशुल्क तपासणीसाठी किल्ली किंवा आकडे लागतील का, ते विचारून घ्या. बोर्डिंग पास आणि टॅगची पावती टाकू नका. मागून पाठवलेल्या बॅगेला वेगळा ‘रश’ टॅग लागतो आणि त्याचा क्रमांक बदलतो, म्हणून जुन्या क्रमांकावर हालचाल दिसली नाही तरी घाबरू नका. नवा क्रमांक मागून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पीआयआर भरला म्हणजे दावा झाला, असं समजू नका. अनेक कंपन्या त्याला फक्त शोधासाठीची नोंद मानतात. बॅग मिळाल्यापासून 21 दिवसांच्या आत वेगळी लेखी तक्रार पाठवा. ईमेल किंवा संकेतस्थळावरचा फॉर्म चालतो. युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदही लेखी तक्रारीत धरली आहे. पाठवल्याचा पुरावा ठेवा.

कंपन्यांना आमचा प्रश्न असा: हे वाक्य पीआयआरच्या माथ्यावर ठळक अक्षरांत का छापलेलं नसतं? प्रवासी आपलं काम झालं असं समजून निघून जातो, मुदत उलटते, आणि करारानुसार त्याचा हक्क संपतो. एका छापील ओळीने हे टळू शकतं. ती ओळ नसण्याचा फायदा कुणाला होतो, हे वेगळं सांगायला नको.

पावत्यांचं प्रकरण सगळ्यात किचकट आहे. ‘वाजवी आणि आवश्यक’ खर्च मिळेल, एवढंच तुमचं धोरण म्हणतं. म्हणजे काय, हे खर्च करण्याआधी कुणी सांगत नाही. खर्च झाल्यावर मात्र एकेक ओळ तपासली जाते. आम्ही दावे लिहिताना जी फूटपट्टी लावतो ती अशी: बॅगेत जी वस्तू होती, तिच्यावाचून त्या दिवशी अडलं, आणि तिच्याच तोडीची दुसरी घेतली, तर खर्च वाजवी. आतले कपडे, एक-दोन जोड बाहेरचे कपडे, दात घासण्या-आंघोळीचं सामान, औषधं, चष्म्याचं किंवा लेन्सचं द्रावण, चार्जर, हवेप्रमाणे गरम कपडा, बाळाच्या वस्तू. कामासाठी किंवा खेळासाठी नेलेलं साहित्य विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्या. तो खर्च नाकारणं कंपनीला जड जातं. पावतीवर वस्तूंची नावं हवीत; कार्डाच्या विवरणपत्रातली नुसती रक्कम पुरत नाही. प्रत्येक पावतीपुढे एक ओळ लिहा, हे का लागलं. दुसऱ्या दिवशी बॅग येणार असल्याचं कळवलं गेलं असेल आणि तरी आठवड्याचे कपडे घेतले असतील, तर ते दाव्यात घालू नका. असे फुगवलेले दावे येतात हे आम्हालाही दिसतं आणि त्यांचा त्रास प्रामाणिक माणसाला होतो. कमाल मर्यादा म्हणजे आपोआप मिळणारी रक्कम नाही, हेही युरोपीय न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे.

पण निम्मे पैसे कापण्याची तुमची पद्धत या फूटपट्टीत कशी बसते? जो कोट बॅगेत आहे, त्याच्यासारखा दुसरा कोट थंडीत घ्यावा लागला. बॅग आल्यावर माणसाकडे दोन कोट झाले, आणि दुसरा त्याला नको होता. महागडी वस्तू घेतली, ती पुढे वर्षानुवर्षं वापरता येणार असेल, तर काही कपात समजण्यासारखी आहे. मोजे, टूथब्रश आणि साधे शर्ट यांवर सरसकट निम्मं कापणं हे मूल्यमापन न करताच केलेली कपात आहे. घरी परतलेल्या प्रवाशाचंही तसंच. कपाटात कपडे असतात, हे खरं. पण त्याची रोजची औषधं, चष्मा, कामाची हत्यारं, दुसऱ्या दिवशी लागणारी कागदपत्रं बॅगेत असतील तर घर असून उपयोग नाही. ‘घरी परतला होतात’ या तीन शब्दांवर अख्खा दावा नाकारू नका, वस्तू पाहा.

अंतरिम खर्च आणि बॅग कायमची हरवली तर तिची भरपाई, दोन्ही मिळून त्याच 1519 च्या आत बसवली जातात. युरोपीय न्यायालयाच्या 2010 च्या एका निकालानुसार मनस्तापाचे पैसेही याच मर्यादेत येतात. वाचकांनी हे लक्षात ठेवून मौल्यवान वस्तू चेक-इन बॅगेत टाकू नयेत.

एकाच तिकिटावर दोन-तीन कंपन्यांची विमानं असली की टोलवाटोलवी सुरू होते. शेवटची कंपनी म्हणते बॅग आमच्याकडे आलीच नाही, पहिली म्हणते आम्ही पुढे दिली, तिकीट विकणारी म्हणते विमान आमचं नव्हतं. करारात याचं उत्तर आहे. कलम 36 नुसार अशा सलग प्रवासात पहिली कंपनी, शेवटची कंपनी किंवा ज्या टप्प्यावर उशीर झाला ती कंपनी, यांपैकी कुणालाही प्रवासी धरू शकतो. त्यांची जबाबदारी एकत्रित आहे. दुसऱ्याच्या नावाने विमान उडत असेल तर कलम 42 नुसार करार करणाऱ्या आणि प्रत्यक्ष उडवणाऱ्या, दोघांपैकी कुणाकडेही केलेली तक्रार चालते. आपसातली वाटणी तुम्ही मागाहून करा. त्यासाठी तुमची स्वतःची व्यवस्था आहेच. (वेगवेगळ्या तिकिटांवर स्वतः जोडलेला प्रवास यात येत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.)

गेटवर ऐन वेळी काढून घेतल्या जाणाऱ्या केबिन बॅगांबद्दल थोडक्यात. ‘औषधं आणि मौल्यवान वस्तू हातातल्या बॅगेत ठेवा’ असा सल्ला तुम्हीच देता, आणि विमान भरलं की तीच बॅग खाली पाठवता. बॅग घेण्याआधी औषधं, कागदपत्रं, किल्ल्या, लॅपटॉप आणि पॉवर बँक काढून घ्यायला सांगणं आणि त्यासाठी दोन मिनिटं देणं एवढं तरी करा. पॉवर बँक तर सुरक्षेच्या नियमानेही खाली जाऊ शकत नाही.

चाकाच्या खुर्चीवर मात्र थांबून बोलायला हवं. करार तिला सामान समजतो. विजेवर चालणारी, एकेका शरीराच्या मापाने बनवलेली खुर्ची 1519 एसडीआरच्या अनेक पट किमतीची असते, आणि ती उशिरा आली तर माणसाला शौचालयातही स्वतः जाता येत नाही. तात्पुरती दिलेली साधी खुर्ची हा पर्याय नसतो. चुकीच्या बैठकीने काही तासांत त्वचेला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या देशांतर्गत उड्डाणांत हरवलेल्या किंवा नष्ट झालेल्या खुर्चीचा हिशेब तिच्या मूळ खरेदी किमतीवरून होतो. म्हणजे दुसरी पद्धत शक्य आहे. जास्त मूल्य आधी जाहीर करून, हवं तर शुल्क भरून, मर्यादा वाढवण्याची सोय कलम 22 मध्ये आहे. पण ती कुठे करायची हे काउंटरवर विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी फॉर्मच सापडत नाही. आणि चालू न शकणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायांसाठी जास्तीचं शुल्क भरावं, हे आम्ही मान्य करू शकत नाही.

ठरावीक रक्कम आपोआप देणं अव्यवहार्य आहे, असं तुमच्याकडून नेहमी ऐकू येतं. युरोपीय संघाच्या 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमाने रद्द झालेल्या उड्डाणासाठी अंतरानुसार 250, 400 आणि 600 युरो अशा ठरावीक रकमा घालून दिल्या; तिथे प्रवाशाने टूथब्रशची पावती जोडावी असं कुणी म्हणालं नाही. अमेरिकेत 2024 मध्ये आलेल्या नियमानुसार बॅग देशांतर्गत उड्डाणानंतर 12 तासांत, किंवा आंतरराष्ट्रीय उड्डाणानंतर त्याच्या लांबीप्रमाणे 15 वा 30 तासांत मिळाली नाही, तर बॅगेसाठी घेतलेलं शुल्क परत करावं लागतं. माणसाच्या उशिराला ठरावीक भाव लावता येतो, बॅगेच्या शुल्काला लावता येतो, तर पहिल्या दिवसाच्या खर्चालाही लावता येईल. शिवाय एका छोट्या दाव्यामागे फॉर्म, पावत्या, भाषांतर, चार-पाच ईमेल आणि दोन कर्मचाऱ्यांचा वेळ जातो. तोही पैसाच आहे.

म्हणून आमच्या मागण्या.

बॅग सहा तासांत मिळाली नाही तर 75 एसडीआर, आणि पुढच्या प्रत्येक 24 तासांना तेवढेच, पाच दिवसांपर्यंत. पावती न मागता, अर्ज न मागता, तिकीट ज्या मार्गाने भरलं त्याच मार्गाने जमा. पाच दिवसांचे होतात 375 एसडीआर, कमाल मर्यादेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. ही रक्कम किमान असावी. खर्च याहून जास्त झाला तर पावत्या घेऊन उरलेला द्यावा, आणि ही रक्कम स्वीकारल्याने पुढचा हक्क सोडला अशी सही कुणाकडूनही घेऊ नये. घरी परतणाऱ्याला ती निम्मी असली तरी चालेल, शून्य नसावी.

बॅगेसाठी घेतलेलं शुल्क पहिल्या रात्रीच परत करा. वेळेवर न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेण्याचं समर्थन होऊ शकत नाही.

बॅग चढली नाही हे यंत्रणेत दिसताच प्रवाशाला संदेश जावा, संदर्भ क्रमांक आपोआप तयार व्हावा, आणि उतरल्यावर त्याने फक्त वर्णन आणि पत्ता पुरवावा. मागितल्यास चारही टप्प्यांच्या नोंदी वेळेसह द्या. कलम 19 ची सुटका मागणाऱ्या कंपनीने या नोंदी जोडल्याशिवाय ती मागू नये.

पीआयआरच्या पहिल्या ओळीत तक्रारीची मुदत, ती पाठवायचा पत्ता आणि सध्याची कमाल मर्यादा छापा. प्रवाशाच्या भाषेत. ‘21 दिवसांच्या आत मिळाली’, ‘पहिले 24 तास सोडून’ आणि ‘सरसकट निम्मे’ ही तीन वाक्यं उत्तरांच्या साच्यातून काढून टाका. नाकारायचंच असेल तर वस्तूचं नाव आणि कारण लिहून नाकारा.

शेवटची कंपनी तक्रार घेईल, तिचा निकाल देईल आणि पैसेही देईल. इतरांकडून वसुली हा तिचा प्रश्न. 30 दिवसांत लेखी निर्णय न आल्यास मागितलेली रक्कम मान्य समजली जावी.

चाकाची खुर्ची आणि हालचालीची इतर साधनं यांना सामानाच्या मर्यादेतून वगळून पूर्ण किंमत आणि योग्य पर्यायी खुर्चीचं भाडं देण्याची हमी वाहतुकीच्या अटींमध्ये लिहा. करारात बदल होण्याची वाट पाहू नका. कलम 25 नुसार कंपनी स्वतःहून जास्त मर्यादा किंवा बिनमर्यादा जबाबदारी स्वीकारू शकते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. इतर प्रवाशांसाठी जादा मूल्य जाहीर करण्याचा रकाना तिकीट काढण्याच्या पानावरच ठेवा, त्याच्या दरासह.

नियामकांनाही एक विनंती. उशिरा आलेल्या बॅगांची संख्या काही ठिकाणी प्रसिद्ध होते. त्याच्या जोडीला प्रत्येक कंपनीकडे आलेले दावे, मंजूर झालेले दावे आणि पैसे मिळायला लागलेले दिवस हेही जाहीर करायला लावा.

या पत्राला आभाराचं किंवा दिलगिरीचं उत्तर नको. तुमच्या वाहतुकीच्या अटींचं बॅगेजविषयीचं प्रकरण बदला आणि त्यावर बदलाची तारीख घाला. पुढचा नाकारलेला दावा हातात येईल तेव्हा आम्ही आधी ती तारीख पाहू.

कळावे,
चेक-इन बॅगा तुमच्या हवाली करणाऱ्या प्रवाशांच्या वतीने